पाणी मुरतंय

पाव इंच.
ॲलिगेनीच्या काठावर एवढा पाऊस पुरतो.
बोटाच्या पेराहून कमी,
आणि एकशे चौदा नंबरच्या तोंडावरचं लोखंडी झाकण
आतून कुणी ढकलावं तसं उघडतं.
रस्त्याचं पाणी आणि संडासाचं पाणी
या पिट्सबर्गात एकाच नळातून जातं,
विटांचा नळ, सव्वाशे वर्षांचा.
बांधणाऱ्यांना वाटलं नसेल
दोघांचं मिळून एवढं होईल.

मी बाटली बुडवते. बूच लावते. बर्फात ठेवते.
सिकमोरच्या फांद्यांना ओले रुमाल लोंबत असतात,
पाकिटावर 'फ्लश करता येतात' छापलेले.
मग बोटक्लबच्या खांबावर नारिंगी झेंडा चढवते
आणि वल्ही खांद्यावर घेऊन आलेली पोरं
माझ्याकडे असं बघतात, जसा पाऊस मीच पाडला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, अंधार करून,
जांभळ्या दिव्याखाली निळे चमकणारे चौकोन मोजायचे.
जितके निळे तितकी घाण.
सुंदर दिसतात. हे मी कुणाला सांगत नाही.

लॅडिस्लाव ह्राबोव्स्की, वय एक्याऐंशी,
ट्रॉय हिलच्या चढावरचं तिसरं घर.
त्याच्या पन्हळीचा पाइप थेट गटारात शिरलेला.
तीनदा गेले. कागद दिला, नकाशा दिला,
एक इंच पावसाला तुमच्या छपराचे सहाशे गॅलन, म्हणाले.
"माझ्या बापानं जोडलाय," तो म्हणाला
आणि दार हळूच लावून घेतलं.

जुलैतल्या एका रात्री तळघराच्या मोरीतून
शहर वर आलं.
चार इंच.
बायकोचं शिलाई मशीन, मिरच्यांच्या बरण्या,
अकॉर्डियनची पेटी.
मी पोचले तेव्हा तो बाहेर शिडीजवळ उभा होता,
हातात करवत.
"धर," म्हणाला.
मी शिडी धरली.
बापाचा पाइप कापताना झालेला आवाज
अख्ख्या गल्लीनं ऐकला. त्यानं नसावा.
कानातलं यंत्र त्यानं आधीच खिशात टाकलं होतं.

अंगणात बशीसारखा खड्डा केला आम्ही,
वाळू, कुजलेला पाला, वर रुईच्या कुळातली इथली झाडं.
सप्टेंबरात फोन आला:
"साठलं होतं. वीस मिनिटांत गायब.
कुठं गेलं?"
आवाजात चक्क संशय.

आमच्याकडे 'कुठंतरी पाणी मुरतंय' म्हटलं
की माणसं डोळे बारीक करतात,
वह्या मागवतात,
कुणी खाल्लं ते शोधतात.
आणि इथं मला पगार मिळतो
पाणी मुरावं म्हणून.
लोणचं मुरतं तसं, कामात माणूस मुरतो तसं,
घाई न करता, कुणाला न दिसता.
"मुरलं," मी मराठीतच म्हणाले.
"मुर्ला," तो म्हणाला. जरा थांबून परत, "मुर्ला."
अर्थ विचारला नाही.

त्या दिवशीही एकशे चौदा उघडलंच.
नेहमीपेक्षा अकरा मिनिटं उशिरा.
एका छपरानं एवढं होत नसतं, मला ठाऊक आहे,
वहीत तसं लिहिलंही नाही.
वेळ लिहिली फक्त.
झेंडा चढवायला वळले
तर शेवटची होडी धक्क्याला लागली होती,
आणि एक मुलगी
नदीत बुडालेला हात
चड्डीला पुसत
सँडविच उघडत होती.

"आधी साबण," मी ओरडले.