सकाळची उंची

उद्यमनगरात तीस वर्षं मी स्प्रिंगा वळतोय.
तार मँड्रेलवर चढते, वेटोळं होऊन उतरते,
भट्टीतून निळसर होऊन येते.
मग तिला प्रेसखाली घालायचं
आणि पार चेपायचं, वेढ्याला वेढा टेकेपर्यंत.
पहिल्या दाबात ती थोडी बुटकी होते. कायमची.
आम्ही म्हणतो, सेट झाली.
गिऱ्हाइकाला तशीच लागते,
जे जायचं ते आमच्याच दारात घालवून आलेली.

जेवढा दाब तेवढं दबायचं,
सोडलं की परत यायचं, एवढाच तिचा धर्म.
हद्द ओलांडली की परत येत नाही.
हद्द कुठं, ते तारेवर लिहिलेलं नसतं.

यास्मिन रात्री भरली एकशे चौपन्न, वर चार रेघा.
पोलिसात मुलीला एकशे पंचावन्न लागते.
चौकटीला टाच लावून ती पुन्हा पुन्हा उभी राहिली,
पेन्सिलीची खूण काही हलेना.
सकाळी अंथरुणातून थेट चौकटीला आणली,
डोळ्यांत झोप तशीच.
एकशे पंचावन्न, वर तीन.
तिची आई म्हणाली, पट्टी खोटी आहे.
मी म्हणालो, पट्टी खरी, पोरगी पण खरी,
मधे पृथ्वी आहे.

मणक्या-मणक्यात एक गादी असते, पाणी धरून बसलेली.
डोकं, खांदे, कळशी, दप्तर
दिवसभर खाली ओढलं जातं,
पाणी कणाकणानं बाहेर सरतं.
आडवं झालं की गादी गुपचूप पिऊन घेते.
डॉक्टरांनी हे मला सांगितलं
माझाच एक्स-रे दिव्यासमोर धरून.
माझ्या खालच्या दोन गाद्या
आता रात्रीही पीत नाहीत.

भरतीला पहाटे चारला तिला उभं राहू दिलं नाही.
मेहुण्यानं आणि बाबासो लोहारानं गादीसकट उचलली,
मला हात लावू दिला नाही.
टेम्पोत, स्प्रिंगांच्या खोक्यांमधे.
"अब्बा, मी मेलेय का?"
"हसू नको, पाठ आवळते."
कसबा बावड्यापर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकर
मी बाळंतिणीसारखा उतरवला.
खालचे पाटे कुरकुरले. तेही आमच्याच जातीचे.

मैदानावर रांग दोन तासांची.
यास्मिननं ओढणी अंथरली आणि आडवी झाली.
हवालदार धावत आला, "काय गं, चक्कर?"
"नाही साहेब, उंची धरून ठेवलीय."
राधानगरीच्या एका पोरीनं विचारलं, म्हणजे कसं?
मग तीही झोपली. मग तिच्या मागची.
थोड्या वेळानं ओल्या गवतावर
पन्नासेक पोरी आभाळाकडं बघत,
चपला उशाला,
आणि कुंपणाबाहेर आम्ही बाप,
उभे, मिनिटामिनिटाला कमी होत.

आडवी पट्टी तिच्या केसांवर आली,
केस दाबले, अजून दाबले.
"एकशे पंचावन्न. पुढं चल."
पॉइंटचं तो काही बोलला नाही.

संध्याकाळी गोळाफेक, पळणं, उन्हातली उभी रांग
सगळं अंगावर घेऊन ती घरी आली.
मी पट्टी काढली, सवयीनं.
"नको," ती म्हणाली, "आता किती आहे ते माहीत आहे मला."
आणि माझीच पाठ चौकटीला टेकवली.
लग्नातल्या खुणेच्या खाली चार बोटं.
तिनं पेन्सिल ओली केली, रेघ मारली,
बाजूला आजची तारीख घातली.
"टाच टेकवा, अब्बा. फसवायचं नाही."