सांध्याची पट्टी

अक्कलकोट रोडला मे महिन्यात
रात्री साडेनऊलाही भिंत हाताला गरम लागते.
साठ फूट रुंद, बंद गिरणीच्या गोदामाची.
चुन्याचे दोन हात मीच मारून घेतले,
तरी आतून जुनी पाटी डोकावतेच:
विडी ओढू नये.

बुटक्या मचाणावर चार प्रोजेक्टर.
तीन पुण्याहून भाड्याचे, चौथा माझा,
त्याचा दिवा तीन हजार तास जळलेला,
उजेड जरा हळदीकडे झुकतो.
चौघांना एका रंगात आणायचं
तर म्हाताऱ्याला पळवता येत नाही,
तिघांनाच हळू चाला म्हणावं लागतं.

आधी जाळी टाकली. उभ्या रेघा, आडव्या रेघा.
इरण्णा म्हणाला, ताणा लागला बघ.
त्याचा बाप सायझिंगला होता, त्याला शोभतं असलं बोलणं.
मी म्हटलं, तुटलंय कुठं ते सांग.
वर जुळलं की खाली सुटायचं,
खाली बांधलं की वर.
पावणेदोन तास. लेन्स, स्क्रू, पुठ्ठ्याची पाचर, शिव्या.

चित्र एकच, एक लांबोडका फोटो:
गिरणीची पन्नाशी, तिन्ही पाळ्या,
नऊशे माणसं पायऱ्यांवर.
उद्या संध्याकाळी पतपेढीचा कार्यक्रम.

नुसतं शेजारी शेजारी ठेवून भागत नाही.
कडेला कड टेकवली की केसाएवढी फट राहते
आणि साठ फुटांत माणूस तेवढीच बघतो.
म्हणून एकानं दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं, चांगलं पाच फूट.
तिथं दोघांचा उजेड पडतो, पट्टी भगभगते.
मग एकाला उतरवत न्यायचं, दुसऱ्याला चढवत,
एक पाळी सुटताना दुसरी भरते
आणि फाटकात घटकाभर दोन्ही असतात, तसं.

मागच्या चाळीतून व्यंकम्मा आली,
सूप कमरेला, मग मांडीवर.
पान, तंबाखू, दोरा. बोटं थांबत नव्हती.
"तो. तिसऱ्या ओळीत. आमचे."
बघितलं तर बरोबर तिसऱ्या-चौथ्याच्या पट्टीत उभा.
दोन टोप्या, चार डोळे,
एक दुसऱ्याच्या खांद्यातून निघालेला.
"दोन कशाला रे?
एकाला जेवू घालतानाच पुरे झालं होतं."
इरण्णा हसला. ती नाही.

मी सरकवत आणला. एक टिचकी, अर्धी टिचकी.
आता?
"नाक जाड आहे."
आता?
सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

तिला सांगितलं नाही
की तो कुठल्याच यंत्रात अख्खा नाही.
अर्धा पुण्याचा, अर्धा माझ्या पिवळ्या दिव्याचा.

मग फोटो काढला, काळं लावलं.
यंत्राचं काळं काळं नसतं,
झाकल्या दिव्यातूनही थोडं पाझरतं,
आणि पाझरावर पाझर पडतो तिथं
तीन राखाडी पट्टे भिंतभर उभे राहतात.
उजेड कमी करता येतो.
काळोख आणखी काळा करता येत नाही.
मग एकच उरतं:
बाकीचा काळोख पट्ट्यांइतका फिका करायचा.
सगळ्यांनी थोडी थोडी रात्र सोडायची
तेव्हा कुठं सांधा बुजतो.

एक वाजला. शेवटचं म्हणून फोटो पुन्हा लावला.
व्यंकम्मा उठून भिंतीपाशी गेली.
जवळून त्याचे नुसते ठिपके झाले असणार.
पट्टीत उभं राहिलं की सावल्या दोन पडतात,
एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही अर्ध्या.
त्यातली एकही त्याला पुरता झाकेना.

इरण्णा म्हणाला, बंद करू? दिव्याचे तास जातायत.
म्हटलं, जाऊ देत.
माझाच दिवा आहे.