बिजागरीपासून सुरुवात

लॅपटॉप जुना घेताना आधी किंमत विचारू नका.
आधी बिजागरी.
एका बोटानं झाकण उचला:
खालचा भाग टेबलावर बसून राहिला, तर ठीक.
अख्खं मशीनच वर आलं, तर बिजागरी ताठर,
ती एक दिवस कोपरा फोडून बाहेर येणार.

मग पडदा पांढरा करा. मग काळा.
कडेनं उजेड पाझरतो तो काळ्यावरच दिसतो.
मग कळा.
डब्ल्यू, ए, एस, डी एवढेच चार गुळगुळीत,
म्हणजे मालक खेळणारा; पंखा दमलेला असेल.
उजवीकडचे आकडे झिजलेले,
म्हणजे हिशेबनीस. मशीन जपून वापरलेलं.
(हे वाक्य मी सोळा वर्षं म्हणत आले.
पुढचं ऐका.)

निपाणीत जुन्या पी. बी. रोडला, मेडिकलच्या माडीवर माझं दुकान.
पुण्याला शिकणारी पोरं सुट्टीत येतात,
कोअर किती, गिगाहर्ट्झ किती, सगळं तोंडपाठ.
मी ऐकून घेते.
आकडा खोटा नसतो,
फक्त कुणीतरी तो गार खोलीत बसून मोजलेला असतो.
इथं एप्रिलात, पत्र्याखाली, दुपारी तीनला
तोच प्रोसेसर आपणहून हळू होतो,
चढावर म्हातारा थांबतो तसा.

तवनाप्पा चौगुले आला तो असाच तीनला.
तंबाखूच्या वखारीत पारखी.
मुठीत पाला घेतो, डोळे मिटतो,
काळ्या रानातला की तांबड्या, सांगतो.
मागं त्रिशला, बेळगावला इंजिनिअरिंगला नंबर लागलेली,
आणि रुमालात बावीस हजार, रबर लावून.

मी दाखवलं ते मशीन मला आवडलेलं होतं.
बिजागरी मऊ. पडदा स्वच्छ.
बॅटरीचे फेरे तीनशे दहा, म्हणजे अजून दोन वर्षं सहज.
आकडे झिजलेले. हिशेबनीस.
अर्धा तास पूर्ण भार टाकून पळवलं,
अठ्ठ्याऐंशी अंशांवर गेलं.
'जरा जास्त,' म्हटलं मी, 'पण चालतंय.'

तवनाप्पा म्हणाला, 'अक्का, वास घेऊ काय?'

आणि वाकला.
गरम वारा सुटतो त्या फटीला नाक लावलं,
डोळे मिटले.
त्रिशला पुटपुटली, 'बाबा, लोक बघायलेत.'
तो कन्नडात एवढंच म्हणाला:
'होगेसोप्पु.'
मग मराठीत, मला कळावं म्हणून, जणू मला कळलं नव्हतं:
'तंबाखू. चाळणीजवळचं मशीन हाय हे. दोन हंगाम तरी.'

मी हसले. मग स्क्रू काढले, दहा.
पंख्याच्या मागं, तांब्याच्या पात्यांत,
तपकिरी नमदा बसलेला, बोटभर जाड.
मला तीन शिंका आल्या.
हिशेबनीस तर होताच तो.
कुठं बसून हिशेब लिहायचा, एवढं मी विचारलं नव्हतं.

ब्रश, फुंकणी, नवी पेस्ट.
परत पळवलं. एकाहत्तर.
तवनाप्पा तोवर कागदावरची भुकटी बघत होता.
'आत बसलेली निघते म्हणायची.'
'मशीनमधली निघते,' मी म्हटलं,
आणि लगेच वाटलं, नुसतं 'निघते' म्हणायला हवं होतं.
त्यानं खोकला दाबला, की घसा खाकरला. बघितलं नाही मी.

वीस हजारांत दिलं. घासाघीस त्यानं केलीच नाही,
मीच दोन कमी केले.
त्रिशलानं तपकिरी कागदाची पुडी बांधली
आणि कुठं टाकायची ते न कळून
माझ्याच टेबलावर ठेवली.

तेव्हापासून माझ्या वहीत बॅटरीच्या खाली एक ओळ आहे: वास.
येईल त्या लॅपटॉपला नाक लावते.
खरं सांगायचं तर अजून काहीच कळत नाही.
कोल्हापूरहून आलेलं, बेळगावहून आलेलं, अगदी खोक्यातलं नवं,
सगळ्यांना तोच वास येतो.
मशीनला येतो, की गावाला,
की माझ्या नाकातच बसलाय,
हे तवनाप्पालाच विचारायला हवं.