डावी बाजू

माझं चष्म्याचं दुकान कराडात, मंडईमागच्या बोळात.
समोर झुलेखाबी बसते, दाभोळची.
कुंभार्ली चढून पहाटे टेम्पो येतो,
थर्माकोलच्या पेट्या गळत असतात.

बांगडा दहाच्या आत संपतो.
लेप्याला मात्र गिऱ्हाईक नाही.
मरळ-वांब खाणारी आमची कृष्णाकाठची माणसं
शेपटीला धरून उचलतात, विचारतात,
"ह्याच्यावरनं उसाची ट्रॉली गेली का काय, मावशी?"

ती चिडत नाही. पाणी मारते.
म्हणते, जन्मला तेव्हा सरळच होता की हा,
उभा पोहायचा,
एक डोळा इकडे, एक तिकडे.
मग उजवा निघाला
कपाळावरून
आणि डाव्याच्या शेजारी येऊन बसला.
तेव्हापासून हा आडवा झाला तो झालाच.
वाळू अंगावर उडवून घेतो, डोळे तेवढे बाहेर.
रात्री झालर हलवत तळाशी किडे वेचतो.
"पाय पडला तरच कळतो बघ.
जमीनच सटकते पायाखालची."

माझ्याकडे तिरळी पोरं येतात.
आया हळूच विचारतात, सरळ होईल ना?
मी नाकावर पट्टी धरतो,
डाव्या-उजव्यातलं अंतर मोजतो.
काल पट्टी लेप्यावर धरली.
चार मिलिमीटर.
झुलेखाबी इतकी हसली की सुरी खाली ठेवली.

दोन घेतले.
राखेच्या बोटांनी तिनं कातडं धरलं,
एका ओढीत मोजा निघावा तसं काढलं.
खालची बाजू पांढरी.
"तिथं बघतंय कोण? मग रंग कशाला घालवायचा?"

माझा उजवा डोळा वर्षभर धुरकट आहे.
मिरजेचे डॉक्टर म्हणाले, बघू.
दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावणारा मी,
हे दुकानात कुणाला सांगितलेलं नाही.

रात्री उजव्या कुशीवर पडलो आणि वाटलं,
त्या प्रवासात
दोन-तीन दिवस तरी तो डोळा बरोबर माथ्यावर असणार.
ना इकडचं, ना तिकडचं,
नुसतं वरचं दिसत असणार त्याला:
हलणारा उजेड,
एखाद्या होडीचं पोट.
मग उतरला असेल पलीकडे,
आणि पुढं आयुष्यभर वाळू.

सकाळी झुलेखाबीला विचारलं,
काय पाहिलं असेल गं त्यानं तेव्हा?

"ते मला काय ठाऊक," ती म्हणाली.
"तांदळाच्या पिठात घोळवला होतास ना?"