वाळू बघून घे

व्लास्ता,
तू ब्रनोला लेकाकडे गेलीस
आणि खिडकीतल्या सतरा कुंड्या
माझ्या गळ्यात मारून गेलीस.
चिठ्ठीत एवढंच :
मार्चआधी माती बदल.
पीट दोन वाटे, वाळू एक. वाळू बघून घे.

बघून घे म्हणजे काय, ते लिहायचं राहिलं.
किंवा तुला वाटलं असेल,
एकतीस वर्षं काच फुंकलेल्या म्हाताऱ्याला
वाळू काय शिकवायची.

ओट्यावर बशा मांडल्या.
चमचाभर वाळू, वर व्हिनेगर,
आणि चष्मा पुसून बसलो परीक्षक.

बोहुमिल गवंड्याची वाळू लगेच फसफसली.
पोटात चुना, तो किती वेळ लपणार.
नदीवरची गप्प राहिली,
पण तांब्यात हलवली तर वर नुसता गाळ.
शाळेमागच्या हौदातली मुलांची वाळू
इतकी बारीक, की मूठ उघडली तरी
गोळा बोटांचे ठसे घेऊन तसाच उभा.
मुळांनी श्वास कुठून घ्यायचा?
माशांच्या दुकानात निळी मिळाली.
निळी!
परत करायला गेलो तर पोरगी म्हणाली,
मासे कधी तक्रार करत नाहीत, आजोबा.

मग तुझ्या कपाटातली ती बाटली,
क्रोएशियाचा किनारा, सन चौऱ्याण्णव,
आपण चौघं होतो तेव्हाची.
कण जिभेवर ठेवला.
अजून खारट.
तुझ्या झाडांना खाल्ल्या मिठाला जागता येत नाही,
ती सरळ मरतात.
बूच घट्ट लावून बाटली जागच्या जागी ठेवली.

शेवटी कारखान्यात गेलो.
भट्टी बारा वर्षं थंड आहे,
पण मागच्या शेडमध्ये एक पोतं होतं, उंदरांनीही न फोडलेलं.
राखणदारानं विचारलं, कशाला?
म्हटलं, माश्या खाणाऱ्या झाडांना.
त्यानं पुढे काही विचारलं नाही.

व्हिनेगर ओतलं.
बशीला कान लावला.
काही नाही.
ताकास तूर लागू देईना.
ना फेस, ना रंग, ना वास,
साखरेएवढे टोकदार दाणे, आपले पडून.

हिला मी ओळखतो, व्लास्ता.
हिनंच माझं घर चालवलं,
हिचेच पेले तुझ्या लग्नात वाजले,
आणि हिचीच धूळ आता
छातीच्या फोटोत पांढरी दिसते.
डॉक्टर काडीनं दाखवतो : इथे, इथे, आणि ही रांग.
म्हणून पोतं फोडण्याआधी भिजवलं.
तोंडाला ओला फडका बांधला.
तेव्हा बांधायला हवा होता, तेव्हा हसत होतो.

पन्हाळीखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी घेऊन
सात वेळा धुतली. चौथ्यांदा दम लागला,
बादलीवर बसलो.
पाणी नितळ व्हायला वेळ लागतो
आणि मला दुसरं काम नाही.

तू एकदा म्हणाली होतीस,
यांना चांगली माती घातली तर ती जळतात.
जमिनीनं हात आखडला,
म्हणूनच पानं शिकारीला लागली.
म्हणजे मी आठवडाभर जी शोधत होतो
ती काहीही न देणारी वाळू होती.
हसू आलं, मग खोकला आला,
मग बराच वेळ दोन्ही.

सोळा कुंड्या झाल्या.
सतरावी माझ्या हातून फुटली. ती लांब पानांची,
जिच्या केसांवर गोंदाचे थेंब असतात.
ती सध्या चहाच्या कपात आहे,
कपाला खालून भोक पाडलंय,
काच कापायचा हात अजून बरा आहे.
आज सकाळी तिच्यावर एक चिलट बसलं
आणि उठलं नाही.

फोन करू नकोस,
फोनवर खोकला जास्त मोठा ऐकू येतो.
पत्र लिही.
आणि पुढच्या खेपेला
‘बघून घे’च्या पुढे
दोन ओळी जास्त लिही.

ओल्दर्झिख