रकाना पाचवा : कारण

सात नंबरची गाडी चार्ज होत नाही.
केळशीकर साहेबांनी रजिस्टर पुढं सरकवलं.
पाचव्या रकान्यात कारण लिहायचं.
रकाना बोटभर रुंद.

खारघरच्या डोंगराखाली पत्र्याची शेड,
अकरा गाड्या शेपट्या लावून ओळीनं उभ्या,
दहा चार्जरांची एकसुरी घूं घूं.
सातवा ब्र काढत नाही.

आधी सॉकेट. सॉकेटला लाइट आहे.
मग फ्यूज. शाबूत.
मग प्लगच्या पितळी पट्ट्या, जरा काळवंडलेल्या,
पॉलिश पेपरनं घासून लख्ख केल्या.
चार्जर तसाच, मख्ख.

सीट उचलली.
खाली सहा जणी, आठ-आठ व्होल्टच्या,
टर्मिनलांवर हिरवट पांढरी पूड साचलेली.
खायचा सोडा पाण्यात कालवून वर ओतला,
फसफसून काहीबाही बोलल्या.
पुसून घेतल्या, मग मीटर लावला एकेकीला:
सहा पॉइंट चार, सहा पॉइंट तीन, सहा पॉइंट पाच,
चौथी एक पॉइंट नऊ.
मीटरवर दोन टिचक्या मारल्या, उगाच.
एक पॉइंट नऊ.

हे चार्जर शहाणे असतात.
वीज सोडण्याआधी चाचपतात, पलीकडे कोण आहे का?
बेरीज छत्तिसाच्या खाली गेली
की धरून चालतात, कोणी नाही.
म्हणजे थोडीफार भरलेली असेल तिलाच भरणार,
पार रिकामी झालेली दारातूनच परत.
गॅरेजच्या कर्जासाठी गेले तेव्हा
बेलापूरच्या एका बँकेत मला हाच चार्जर भेटला होता,
टाय लावून.

चौथीच्या बुडाशी एक लाल वायर होती,
कंपनीची नव्हे. शिवणकामाच्या दोऱ्याइतकी.
तिच्या मागं मागं गेले,
चाकाखालून, भिंतीच्या कडेनं,
खांबाला एक वेढा,
आणि जोमाकाका घरतांच्या बाजेखाली
कुठल्याशा मेलेल्या कॉम्प्युटरचा तळहाताएवढा पंखा.
बारा व्होल्टचा, आठांवर
जेमतेम फिरणारा.

काका उठून बसले. रात्रपाळीचे डोळे.
"मच्छर लय, बाय."
मी काही बोलले नाही, तर म्हणाले,
"त्या सहाव्या होलाजवल आमची खाचरा व्हती.
तवा पन मच्छर व्हतंच."
तक्रार नव्हती त्यात.
पत्ता सांगावा, तसं सांगितलं.

आता यांना कसं समजवायचं?
काका, घेतलंत त्याचं काही नाही,
सगळं एकीकडूनच घेतलंत.
पाच भरल्या की चार्जर हात झटकतो,
चौथी रोज घासभर उपाशी.
तिच्यापायी बाकीच्याही खचत जातात,
आणि एक दिवस गाडी चढावर
भर उन्हात पाहुण्यांसकट थांबते.
काकांनी ऐकून घेतलं. मान हलवली.
कुणाबद्दल हलवली, मी विचारलं नाही.

साहेब म्हणाले, नवी मागवू.
मी म्हटलं, नवी नको, नवी जुन्यांत रमत नाही,
एकटीच पुढं पळते आणि लवकर मरते.
भंगारात काढलेल्या तीन नंबरमधून
हिच्याच वयाची एक उचलून आणली,
डिस्टिल्ड वॉटर घातलं,
मग छोट्या चार्जरनं एकेकीला पाजत बसले
दुपारभर, डास मारत.
साडेसहाला मोठ्यानं चाचपलं,
आतला रिले खट् वाजला
आणि तोही बाकीच्या दहांत मिसळून गेला.

रकान्यात लिहिलं: चौथी बॅटरी जुनी, बदलली.
साहेबांनी न वाचता सही केली.

माझ्या पेटीत एक कन्व्हर्टर पडून होता,
अठ्ठेचाळीसचे बारा करणारा.
निघता निघता लाल वायर तिथं जोडली.
आता पंखा सहाही जणींकडून मागेल,
चिमूट चिमूट, कुणाला जाणवणार नाही असं.
पहिल्यांदाच पुऱ्या वेगात फिरला.
उशाखालचं वर्तमानपत्र उडून शेडभर झालं.
काकांनी एकेक पान गोळा केलं
आणि वर आपली चप्पल ठेवली.