शेंबी

खोक्यातून काढली तेव्हा ती
कापसात झोपल्यासारखी होती.
बोटभर लांब, पोलादी, आतून पोकळ.
भाल्याच्या दांड्याच्या बुडाशी बसवायची शेंबी.
भाला नाही. पातं नाही.
दांड्याची फक्त एक ढलपी, आत अडकलेली,
चिमट्यानं धरली तर भुगा होईल अशी.

नोंदवहीत माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलंय:
शस्त्राचा भाग. किरकोळ.
खाली लाल शिक्का.

बाहेर आकितातलं बर्फ छपरावरून धप्पकन पडतं,
दिवा हलतो, भिंगाखालची शेंबी हलते.
टोक झिजलंय, पण सगळीकडून सारखं नाही.
डावीकडे जास्त.
खोक नाही, ठेच नाही,
शाईची कांडी दगडावर उगाळावी
तशी उगाळली गेलेली.

मूळ वस्तू बाहेर नेता येत नाही.
प्लास्टरचा ठसा खिशात घालून
कुरात्सुजींकडे गेले,
मागच्या गल्लीत जोड्यांना टाचा लावतात ते.
अंगठ्यावरचा डिंक पुसून त्यांनी ठसा फिरवला,
बराच वेळ.
"चालून नाही झिजली ही.
चालणाऱ्याची टाच एका कडेनं, मागून जाते.
ही उभं राहून गेली.
एका जागी, भार टाकून, मधूनमधून गरगर फिरवत."
आणि मग, "मालक आत कुठे बसला होता?"

मालकाचं नाव आमच्याकडे आहे.
त्याचं घराणं, त्याचं चिन्ह, पानभर.
पण भाला धरणारा रोजंदारीचा.
आत मैफल, साके, कुणाचं तरी हसणं,
आणि फाटकाशी हा,
डुलकी लागू नये म्हणून
तळव्याखाली दांडा घुसळत.
किती हिवाळे, ते पोलादाला विचारा.
या टोकानं कुणी मेलं नसावं.
वरच्या टोकाचं मला माहीत नाही.

कुरात्सुजींनी पैसे घेतले नाहीत.
माझ्या बुटांकडे बघून म्हणाले,
"सुमिएसान, उजवी टाच आणा एकदा."

चाळीस अक्षरांची पाटी.
भाल्याची शेंबी, पोलाद, एदो काळ.
एवढ्यातच संपली.

पण कपाटात मी तिला उभी लावली.
संचालक उशिओदा थबकले,
"बाकीच्या सगळ्या आडव्या आहेत ना?"
म्हटलं, आधाराचा खिळाच तसा आलाय.
खोटं बोलले.
ढलपीही काढली नाही.